मदत हवी आहे : ओढ्याकाठच्या स्वयंसेवक गटात सोसायट्या आणि वस्ती एकत्र कशा आणाव्यात?

पुण्याच्या दक्षिण भागात आंबील ओढ्याच्या काठी राहणारे आम्ही काही रहिवासी गेल्या उन्हाळ्यापासून एक स्वयंसेवक गट चालवत आहोत. गटाला अद्याप नाव नाही, त्याची नोंदणी झालेली नाही आणि बँकेत खातेही नाही. काम मात्र वाढत चालले आहे आणि त्याबरोबर काही प्रश्न असे उभे राहिले आहेत की, ज्यांनी असा गट काही वर्षे टिकवून दाखवला आहे त्यांचाच सल्ला उपयोगी पडेल.

ज्यांना हा ओढा परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. हा ओढा कात्रजकडून येतो आणि सहकारनगर, पर्वती, दांडेकर पूल अशा दाट लोकवस्तीतून वाहत मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला आलेल्या पुरात माणसे दगावली, सीमाभिंती कोसळल्या आणि वाहने वाहून गेली. आमच्या वस्तीतील समाजमंदिराच्या भिंतीवर त्या रात्रीच्या पाण्याची रेघ कोणीतरी तैलरंगाने ओढून ठेवली आहे; उभ्या माणसाच्या खांद्यापर्यंत ती येते. समोरच्या सोसायट्यांत पाणी पार्किंगमध्ये शिरले, गाड्या निकामी झाल्या आणि वीजमीटर जळाले. वस्तीत मात्र धान्य, कागदपत्रे, शिलाई यंत्रे आणि मुलांची दप्तरे यांपैकी काहीच हाती लागले नाही.

गटाचे काम तसे साधे आहे. पावसाळ्यापूर्वी आम्ही ओढ्याच्या काठाने चालत जातो, राडारोडा कोठे टाकला आहे, कोणत्या मोरीचे तोंड गाळाने बुजले आहे, कोणती जाळी प्लास्टिकने तुंबली आहे याची छायाचित्रांसह नोंद करतो आणि क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देतो. पोचप्रतीवर आवक क्रमांक पडल्याशिवाय अर्ज दिला असे मानायचे नाही, हा आमचा एकमेव लेखी नियम आहे आणि तो सर्वांत उपयुक्त ठरला आहे. पावसाळ्यात आम्ही फोनची साखळी चालवतो. आमच्याकडे टिपूस नसतानाही कात्रजच्या बाजूला जोराचा पाऊस लागला की ओढा चढतो, म्हणून तिकडच्या ओळखीच्या मंडळींनी फोन करायचा आणि येथे प्रत्येकाने ठरवून दिलेल्या घरांना कळवायचे, अशी ती व्यवस्था आहे. व्हॉट्सॲपवर आम्ही विसंबत नाही, कारण काठालगतच्या अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो दिवसभर घराबाहेर असतो.

आता मुख्य अडचण सांगतो. श्रमदानाला वस्तीतील माणसे सोसायट्यांतील सभासदांपेक्षा अधिक संख्येने येतात, परंतु बैठकीला येत नाहीत. बैठक रविवारी सकाळी एका सोसायटीच्या सभागृहात होते. वस्तीतील बहुसंख्य स्त्रिया घरकामाला जातात आणि रविवारी सकाळी त्यांच्या मालकिणींकडे पाहुणे असल्याने काम अधिकच असते. जे एक-दोघे येतात ते दाराजवळच्या खुर्च्यांवर बसतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. याचा परिणाम थेट निर्णयांवर होतो. मागे एका बैठकीत, ओढ्यात कचरा टाकला जाऊ नये म्हणून काठाला उंच जाळी बसवण्याची मागणी करावी, असे जवळपास एकमताने ठरले. दोन दिवसांनी नळावर पाणी भरताना काही बायकांनी माझ्या पत्नीला सांगितले, “अहो ताई, घंटागाडी गल्लीच्या तोंडाशी येते तेव्हा आम्ही कामावर पोहोचलेल्या असतो. गाडीची वेळ बदलून घ्या, जाळी कशाला हवी?” ज्यांना नेमकी ही गोष्ट ठाऊक होती त्यांच्यापैकी कोणीही बैठकीत नव्हते. मागणीचा अर्ज आम्ही तूर्त रोखून धरला आहे.

त्यामुळे माझा पहिला प्रश्न असा की, बैठक कोणाच्या दारात, कोणत्या वेळी आणि कोणाच्या अध्यक्षतेखाली घ्यावी? वस्तीत महिलांचे बचत गट आहेत आणि त्यांच्या मासिक बैठका ठरलेल्या तारखेला नियमितपणे होतात. त्या बैठकीतच आमचा विषय मांडावा, असे काहींचे म्हणणे आहे. मला मात्र शंका वाटते की, पैशाच्या हिशेबासाठी जमलेल्या बायकांवर आपण आपले काम लादत आहोत असा त्यांचा समज होईल.

दुसरा प्रश्न नोंदणीचा आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात त्याबरोबरच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी होते, एवढी माहिती आम्ही मिळवली आहे. प्रभाग समितीवर स्वयंसेवी आणि समुदाय-आधारित संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेण्याची तरतूद कायद्यात असल्यामुळे नोंदणी लवकर करावी, असे आमचे एक निवृत्त बँक अधिकारी आग्रहाने सांगतात. त्यांचा मुद्दा रास्त आहे. तथापि, आज नोंदणी केली तर पदाधिकारी कोण होतील हे उघड आहे, आणि मला तेच नको आहे.

तिसरी बाब राजकारणाची. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत येथे नगरसेवकच नव्हते, त्यामुळे लोकांना थेट कार्यालयात जाऊन अधिकाऱ्यांशी बोलण्याची सवय लागली आणि ती मला चांगली वाटते. आता एका स्थानिक पुढाऱ्याने टी-शर्ट, हातमोजे आणि फलक देऊ केले आहेत. गणेश मंडळातील मुले म्हणतात की घ्यावे, आणि हातमोज्यांची गरज खरीच आहे, कारण गाळात काचा असतात. नकार द्यायचा तर तो वैर न पत्करता कसा द्यावा?

प्रतिसाद (घाटकोपरहून)

आपण जाळीचा अर्ज थांबवलात हे योग्य झाले. मुंबई महापालिकेने १९९७ मध्ये प्रगत परिसर व्यवस्थापन, म्हणजे एएलएम, ही योजना सुरू केली आणि आमच्या घाटकोपरची जोशी लेन तिचे आरंभीचे उदाहरण मानली जाते. त्या चळवळीने इमारतींच्या गल्ल्या खरोखर सुधारल्या. परंतु पुढे इमारतींसाठी एएलएम आणि झोपडपट्ट्यांसाठी दत्तक वस्ती योजना अशा दोन वाटा पडल्या, आणि त्यामुळे एकाच नाल्याच्या दोन काठांना एकत्र बसण्याचे कारणच उरले नाही, असे माझे मत आहे. आपल्याकडे तसे होऊ देऊ नका.

बैठक समाजमंदिरात, रात्री जेवणे उरकल्यावर घ्या आणि पाऊण तासात संपवा. पहिला विषय वस्तीचा ठेवा; आपल्या बाबतीत तो घंटागाडीच्या वेळेचा असेल. तो विषय मार्गी लागेपर्यंत जाळीचे नाव काढू नका. बचत गटात जाताना त्यांचा हिशेब संपेपर्यंत बाहेर थांबा आणि त्यांनी बोलावले तरच आत जा. भिवंडीत १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी उभारलेल्या मोहल्ला समित्यांचा, म्हणजे पोलीस आणि हिंदू-मुस्लिम रहिवासी यांच्या संयुक्त समित्यांचा, अभ्यास जरूर करावा. त्या बैठका मोहल्ल्यातच होत असत, आणि १९९२-९३ च्या दंगलींत मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली.

नोंदणीची घाई करू नका. नोंदणीनंतर दरवर्षी हिशेबतपासणी करावी लागते आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हे काम नियमितपणे करणारी व्यक्ती नसेल तर संस्था कागदावरच आजारी पडते. मात्र नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. मंडळातील मुलांना ती प्रक्रिया माहीत असणार. त्यांच्याकडून शिकून घ्या, म्हणजे त्यांनाही गटात टी-शर्टपलीकडे काही काम मिळेल. नोंदणी कराल तेव्हा कार्यकारिणीत निम्मी पदे वस्तीतील सभासदांची असतील आणि खात्यावरील दोन सह्यांपैकी एक त्यांची असेल, असे संस्थेच्या घटनेतच लिहा. नंतर दुरुस्ती करू म्हटले तर ती होत नाही.

पुढाऱ्याला सांगा की, नाव नसलेली वस्तू कोणाकडूनही घेऊ आणि नाव असलेली कोणाकडूनही घेणार नाही. नियम सर्वांना सारखा असला की कोणी वैयक्तिक मानून घेत नाही.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. पुढची बैठक समाजमंदिरात घेण्याचे आणि विषयपत्रिकेत घंटागाडीची वेळ पहिली ठेवण्याचे ठरले आहे. हातमोजे आम्ही आपसात पैसे काढून घाऊक बाजारातून आणणार आहोत आणि त्याची पावती समाजमंदिराच्या फळ्यावर लावणार आहोत.

आपल्या सूचनेतून एक नवी अडचण समोर आली आहे. खात्यावर सही करण्यास ज्या दोन स्त्रिया तयार आहेत त्या भाड्याच्या खोलीत राहतात आणि त्यांच्याकडे भाडेकरार नाही. आधारवर गावचाच पत्ता आहे. धर्मादाय कार्यालयात आणि बँकेत अशा सभासदांच्या पत्त्याचा कोणता पुरावा स्वीकारला गेला, याचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.