रॉक बँडने ख्रिसमसचं गंमतगाणं काढावं का?

तारसप्तक (धागालेखक)
ब्रिटनमध्ये ख्रिसमसच्या आठवड्यात चार्टवर, म्हणजे गाण्यांच्या खपाच्या यादीत, पहिलं कोण येणार यावर लोक चक्क पैजा लावतात. या शर्यतीच्या नादात चांगले रॉक बँड घुंगरं आणि शाळकरी मुलांचा कोरस घेऊन स्टुडिओत शिरतात, आणि तिथून जे बाहेर पडतं ते जन्मभर गळ्यात राहतं. स्लेड या बँडचंच बघा. १९७१ ते १९७३ या काळात त्यांची सहा गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. आज बहुतेकांना त्यातलं एकच आठवतं, 'मेरी एक्समस एव्हरीबडी'. ते सहावं होतं आणि शेवटचंही. 'कम ऑन फील द नॉइझ'सारखं दणदणीत गाणं करणाऱ्यांची ओळख वर्षातून एक महिना वाजण्यापुरती उरावी? माझं मत सरळ आहे, रॉक बँडने या वाटेला जाऊ नये.

ओव्हरड्राइव्ह
साफ असहमत. टोपी घालून फोटो काढावा तसं हे गाणं झालेलं नाही. १९७३ च्या जुलैमध्ये ड्रमर डॉन पॉवेलच्या गाडीला भीषण अपघात झाला. त्यात त्याची मैत्रीण गेली, आणि त्याच्या स्मरणशक्तीवर कायमचा परिणाम झाला. तो त्यातून सावरत असतानाच न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांटमध्ये, उकाड्यात, हे हिवाळ्याचं गाणं रेकॉर्ड झालं. कोरसला घुमारा हवा म्हणून मंडळी स्टुडिओबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून गायली. जाणाऱ्या-येणाऱ्यांना हे वेडेच वाटले असणार!
आणि गाणं आलं तेव्हा ब्रिटनची अवस्था काय होती? कोळशाची टंचाई, वीजबचतीसाठी आठवड्यातून तीनच दिवस कामाची घोषणा. अशा डिसेंबरात स्लेडचा गायक नॉडी होल्डरची ती आरोळी लोकांना हवी होती. याला गंमतगाणं म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही.

तारसप्तक
घुमारा कॉरिडॉरचा की दिवाणखान्याचा, प्रश्न तो नाही. त्याखाली बाकीचा बँड गाडला गेला की नाही?

हिशेबनीस
गाडला गेला असेल, पण भाडं येतंय! होल्डर स्वतःच या गाण्याला आपली पेन्शन म्हणतो. मात्र एक गोम आहे. गीतकार-संगीतकार म्हणून नावं फक्त होल्डर आणि बेसवादक जिम ली यांची. म्हणजे रेडिओवर दर डिसेंबरला गाणं वाजलं की रचनेची रॉयल्टी या दोघांना. गिटारवादक डेव्ह हिल आणि पॉवेल यांना वादक म्हणून मिळेल तेवढंच. तेव्हा 'बँडने काढावं का' याआधी 'नाव कोणाचं लागणार' हे ठरवून घ्यावं.
त्याच मोसमात विझर्ड या बँडचंही ख्रिसमस गाणं आलं होतं, चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याची सुरुवातच दुकानातल्या गल्ल्याच्या आवाजाने होते. इतकी उघड कबुली कोण देतं?

रिव्हर्ब
द डार्कनेसचा उल्लेख कसा नाही? २००३ मध्ये पहिलाच अल्बम अव्वल, आणि त्याच वर्षी चावट शीर्षकाचं ख्रिसमस गाणं. पहिला क्रमांक गेला 'मॅड वर्ल्ड'ला, म्हणजे सणाचा मागमूस नसलेल्या उदास गाण्याला. पुढे २००५ च्या अल्बमला आधीचं यश मिळालं नाही. एकदा लोक तुम्हाला विनोद समजायला लागले की पुढचं गंभीर गाणंही विनोदच वाटतं.

ओव्हरड्राइव्ह
अहो, तो बँड पहिल्या दिवसापासून घट्ट कॅटसूट घालून उंच पट्टीत किंचाळत होता. विनोद त्यांचा पिंडच होता. त्याचं खापर बिचाऱ्या ख्रिसमसवर कशाला?

डिस्टॉर्शन
मुळात सणाचं गाणं लागतंच कशाला? २००९ मध्ये टीव्हीवरच्या गानस्पर्धेच्या विजेत्याला हरवायला लोकांनी मोहीम काढली आणि रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचं १९९२ चं शिव्यांनी भरलेलं गाणं पहिलं आणलं. खरा रॉक असा जिंकतो.

हिशेबनीस
जिंकलं कोण? दोन्ही रेकॉर्ड सोनी कंपनीच्याच घरातल्या होत्या.

बेसगिटार
किंक्स बँडचं १९७७ चं 'फादर ख्रिसमस' ऐका. गरीब पोरं सांताक्लॉजच्या वेशातल्या माणसाला बदडतात आणि खेळणी नकोत, पैसे दे म्हणतात. बापाला नोकरी दे म्हणतात. घंटा आहेत, पण गिटार आणि टवाळी अस्सल किंक्सची. सणासाठी वेगळा चेहरा लावला की फसतं, आपल्याच चेहऱ्याने गेलं की टिकतं. ऑगस्टमध्येही लावता येतं ते.

तारसप्तक
किंक्सचं मलाही आवडतं. पण ते चार्टवर कुठे चाललं? चांगलं केलं की त्या शर्यतीत कोणी विचारत नाही, हेच तर मी म्हणतोय.

ओव्हरड्राइव्ह
म्हणजे गाणं चाललं तर बँड गाडला गेला, नाही चाललं तर शर्यतीत हरला. तुमच्या कोर्टात सुटायचं कोणी, राव?