पीएमपीचं, म्हणजे पुण्याच्या शहर बसचं, भाडं दरवर्षी थोडं वाढलेलं बरं, की दहा-अकरा वर्षांनी एकदम?

सुखसागरवाली
परवा आमच्या दवाखान्यात यावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथे विचारते. मी सुखसागरनगरहून स्वारगेट, तिथे बस बदलून डेक्कन अशी रोज जाते. स्वारगेटपर्यंत वीस, पुढचे दहा. जाऊन-येऊन साठ.

1 जून 2025 ला भाडं वाढलं त्याबद्दल आमच्या डॉक्टरबाई म्हणतात, 2014 नंतर वाढलंच नव्हतं, मग आता रडायचं कशाला? माझं म्हणणं, रडायचं त्याचंच आहे! दूध वाढतं, गॅस वाढतो, आपण कुरकुरत का होईना महिन्याच्या खर्चात बसवतो. बसचं भाडं मात्र इतकी वर्षं जागचं हललं नाही आणि मग पुणे हद्दीतला 900 चा मासिक पास एका रात्रीत 1500. पगार कुणाचा वाढतो असा? पाच रुपयांचं तिकीट तर इतिहासजमा झालं. माझी आई मंडईतून दोन थांब्यांवर उतरते, तिलाही दहाच.

तर दरवर्षी ठरल्या तारखेला थोडंसं वाढवायला काय हरकत आहे? आणि दुसरं, मी पास काढू की रोजची तिकिटं? "चालत जा, तब्येत सुधारेल" असं लिहिणाऱ्यांनी आधी स्वारगेट ते कात्रज भर दुपारी चालून दाखवावं.

कर्वेरोडचा_हिशेबनीस
पासाचं आधी सांगतो. रोजचे साठ धरले तर 1500 म्हणजे बरोबर 25 दिवस. रविवारची सुट्टी, वर एखादा सण, की पास तोट्यात. डेक्कनला थेट बस मिळाली तर एका बाजूचे वीसच लागतील, मग पासाचा विचारही करू नका. पास परवडतो तो चाळीस-चाळीसचं तिकीट काढून पिंपरीकडे जाणाऱ्यांना. त्यांचा दोन्ही महापालिकांचा पास आधी 1200 होता, त्यामुळे त्यांना वाढही कमी बसली. सगळ्यात जास्त चेपले गेले ते तुमच्यासारखे, फक्त पुण्यात फिरणारे.

आता मोठा प्रश्न. भाडं वाढलं नाही म्हणजे खर्च वाढला नाही असं थोडंच आहे? पीएमपीची तूट पुणे महापालिका 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवड 40 टक्के भरते, म्हणजे तुमच्या-आमच्या मिळकतकरातून. तिकिटात दिसत नव्हतं इतकंच. वाढवायला प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते, पण खरी अडचण सहीची नसून धाडसाची आहे. भाडेवाढ झाली तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, 2022 पासून प्रशासक होते. हा योगायोग आहे असं मला तरी वाटत नाही.

शनिवारपेठी
दरवर्षी वाढवायची सवय एकदा लावलीत की कमी कधीच होणार नाही. बाकी चालू द्या.

निवृत्त_वाहक
ताई, मी पीएमटीच्या काळापासून वाहक. 2007 साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल, म्हणजे आताची पीएमपी, झाली तेव्हा मी ड्युटीवर होतो. दरवर्षी थोडं वाढवा हे बोलायला सोपं आहे. दहा रुपयांवर पाच टक्के म्हणजे आठ आणे. ते कुणी कुणाला द्यायचे?

आधी दोन-दोन किलोमीटरच्या चाळीस स्टेज, म्हणजे भाड्याचे टप्पे, होत्या. आता अकराच आहेत. तीस किलोमीटरपर्यंत पाच-पाचच्या सहा, पुढे ऐंशीपर्यंत दहा-दहाच्या पाच. भाडं सगळं दहाच्या पटीत. वाहकाच्या दृष्टीने यासारखं सुख नाही. आमच्या वेळी सकाळच्या पहिल्या फेरीला पिशवीत चिल्लर नसायची, समोरचा शंभराची नोट धरायचा, आपण तिकिटामागे "7 रु. बाकी" लिहून द्यायचो आणि स्वारगेटला उतरताना तो मागितल्याशिवाय राहायचा नाही. तोवर मागच्या दाराने चार जण फुकट उतरलेले असायचे.

पण एक मेख आहे, ती कुणी बोलत नाही. सगळं दहाच्या पटीत बांधलं की पुढची वाढसुद्धा दहाचीच होणार, नाहीतर स्टेज आखूड होणार. थोडी वाढ करायची वाटच राहिली नाही.

सुखसागरवाली
काका, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. पण आता वाहकाकडे क्यूआर कोड असतो ना? अकरा रुपये द्यायला कुणाचं काय जातं?

निवृत्त_वाहक
तुमचं जात नाही. मार्केट यार्डच्या बसमध्ये पहाटे पाट्या घेऊन चढणाऱ्या बायकांना विचारा. त्या रोखच देतात, आणि सुट्टे देतात. शिवाय नेट गेलं की मशीन फिरत बसतं आणि वाहक गर्दीत अडकतो.

सध्या_सिंगापूर
मूळचा बिबवेवाडीचा, म्हणून राहवलं नाही. इथे सार्वजनिक वाहतूक परिषद दरवर्षी भाड्याचा आढावा घेते. महागाई, पगार आणि इंधनाच्या किमती यांचं सूत्र ठरलेलं आहे. सूत्राने येते ती सगळी वाढ एकदम लावत नाहीत, उरलेली पुढच्या वर्षांवर ढकलतात. लोक वैतागतात, पण दचकत नाहीत. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. इथे भाडं एकूण अंतराचं असतं, बस बदलली की पुन्हा पहिल्या किलोमीटरपासून मोजत नाहीत. ताईंचे दहा रुपये जातात ते स्वारगेटला बस बदलल्याचे.

आपल्याकडे बंगळुरू मेट्रोच्या भाडे समितीनेही दरवर्षी आपोआप वाढ सुचवली, जास्तीत जास्त 5 टक्के. पण फेब्रुवारी 2025 मध्ये जी एकदम वाढ झाली तिने लोकांचं डोकं असं फिरलं की आता "दरवर्षी" हा शब्दही कुणाला ऐकवत नाही.

कर्वेरोडचा_हिशेबनीस
बदलीचा मुद्दा लाखमोलाचा. कुणी सहीची मोहीम काढणार असेल तर भाडं कमी करा म्हणून काढू नका, ते होणार नाही. दीड-दोन तासांत बस बदलली तर एकच तिकीट, एवढंच मागा. आणि दरवर्षीच्या वाढीला माझा पाठिंबा आहे, पण ती पासावर लावावी. पासाला सुट्ट्या पैशांचा प्रश्न नाही, 1500 चे 1560 सहज होतात. तिकीट राहू द्या दहाच्या पटीत. वाहकही खूश.

शनिवारपेठी
आणि रिक्षा? पहिल्या दीड किलोमीटरला 25. जवळच जायचं असेल तर दोघांनी बसून जा, बसपेक्षा फार फरक पडत नाही.

सुखसागरवाली
दोघं कोण? मी एकटीच जाते.

पासावर वाढ हे मला पटलं, फक्त विद्यार्थ्यांचा 750 चा आणि ज्येष्ठांचा 500 चा सोडून. या वेळी ते दोन्ही वाढवले नाहीत, ते बरं केलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पीएमपीत तेही नाही, हे जाता जाता.

तूर्त पास काढत नाही. ज्या दिवशी दवाखान्यातून मंडई आणि मग बहिणीकडे जायचं असेल त्या दिवशी 70 चा दैनिक पास, एरवी तिकिटं. गोची एवढीच की दैनिक पास सकाळी पहिल्याच बसमध्ये काढला तर पुरतो, आणि बहिणीचा फोन येतो दुपारी चारला. काका, सकाळचं तिकीट दाखवून दुपारी वरचे पैसे भरून पास मिळायची काही सोय आहे का?

निवृत्त_वाहक
माझ्या वेळी नव्हती. बहिणीला सकाळी फोन करायला सांगा.