मदत हवी आहे : जुनी मार्शल हायवेला आणि घाटात तापते, इलेक्ट्रिक फॅन लावू की रेडिएटर मोठा करू?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. गाडी मार्शल डीआय, २००१ची, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, एसी नाही. बाबांच्या हातची गाडी आहे. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग पुन्हा करून घेतलंय, ग्रीन टॅक्सही भरलाय, तेव्हा "विकून टाक" सोडून काहीही सांगा. आम्ही दर्यापूर तालुक्यातले, म्हणजे अस्सल खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं.

गावात, शेतात, बाजारात कितीही वेळ चालू ठेवा, काटा मध्यावरच असतो. पण अमरावती रोडला सत्तरच्या वर धरली की वलगाव येईपर्यंत काटा लाल पट्टीच्या तोंडाशी जातो. चाळीसवर आणली की हळूहळू उतरतो. मागच्या उन्हाळ्यात चिखलदऱ्याच्या घाटात तर झाकणाखालच्या नळीतून पाणीच फेकलं. आता एप्रिलमध्येच ४३ अंश चाललंय आणि मे महिन्यात धारणीला वऱ्हाड न्यायचं आहे. आठ माणसं, वर सामान, आणि घटांग-सेमाडोहचा जंगलातला रस्ता. तिथे गाडी अडली तर फोनला रेंजही नसते.

परतवाड्याचा ओळखीचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, रेडिएटरच्या पुढे १२ इंची इलेक्ट्रिक फॅन लावून देतो, ४,५०० रुपये. रेडिएटरवाला म्हणतो, तीन लाइनची जाळी (म्हणजे नळ्यांच्या तीन रांगांचा मधला भाग) काढून चार लाइनची टाकू. युट्यूबवर ॲल्युमिनियमचे रेडिएटर बसवणारेही पाहिले. आमचा मिस्त्री म्हणतो, थर्मोस्टॅट वॉल (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा) काढून फेक, आपल्याकडे थंडी असते कुठे! जमेल तेवढं काम घरीच करायचंय. रिंग पाने, सॉकेट सेट, जॅक, मल्टिमीटर आहे. आधी कशाला हात घालू?

टॉपगिअर

इलेक्ट्रिक फॅन. डोळे मिटून लाव. माझ्या जुन्या व्हॅनला लावला, शहरातल्या सिग्नलला काटा हलत नाही आता.

वॉटरबॉडी

टॉपगिअर, तुमची सिग्नलला तापत होती, यांची सिग्नलला तापत नाही. तिथेच सगळा फरक आहे.

पूर्णाकाठ भाऊ, खिशात हात घालायच्या आधी एवढं सांग. रेडिएटरमध्ये कोणतं पाणी टाकतोस? पंख्याभोवतीचं काऊल, म्हणजे हवा जाळीतूनच ओढली जावी म्हणून असलेलं कव्हर, जागेवर आहे का? रेडिएटरच्या खालचा होज पाइप शेवटचा कधी बदलला? सकाळी थंड गाडीचं झाकण काढून इंजिन सुरू केलं तर पाण्यात बुडबुडे येतात का? ऑइलची पट्टी काढून पाहा, ऑइल दुधाळ झालंय का? आणि नुसतं सांगू नको, टॉर्च घेऊन झाकणातून आत पाहजो.

पूर्णाकाठ

दादा, पाणी शेतातल्या बोअरचं. प्यायला आरओचा जार येतो, गाडीला बोअरच. कूलंट कोणी टाकल्याचं आठवत नाही. काऊल आहे. खालचा होज बदललेला कधी पाहिला नाही, कडक झालाय, वर चिरा आहेत. बुडबुडे नाहीत, ऑइल स्वच्छ.

टॉर्च मारून पाहिलं. नळ्यांच्या तोंडाशी पिवळट पांढरा थर आहे, स्क्रू ड्रायव्हरने टोकरला तर करकर वाजतो. उजवीकडच्या पाच-सहा नळ्यांची तोंडं दिसतच नाहीत. झाकणाचं रबर एका बाजूने तुटलंय.

वॉटरबॉडी

झालं की मग निदान.

बुडबुडे नाहीत, ऑइल स्वच्छ, म्हणजे हेड गॅसकेटची (इंजिनाच्या हेडखालच्या सीलची) भीती तूर्त बाजूला. आता पंख्याचं. उभ्या किंवा हळू चालणाऱ्या गाडीत हवा ओढायचं काम पंखा करतो. तुझी गाडी उभी असताना तापत नाही, म्हणजे पंखा, पट्टा आणि काऊल आपलं काम करून राहिले. सत्तरच्या वेगाला समोरून जी हवा जाळीवर आदळते तिच्यापुढे १२ इंची फॅन काहीच नाही. उलट जाळीपुढे मोटर आणि पाती उभी करून तू तीच हवा अडवशील. ४,५०० रुपये वाचले.

वेगात आणि चढात तापते म्हणजे हवा आहे, पाणी फिरत नाही. इंजिन जास्त उष्णता टाकतंय आणि अर्ध्या बुजलेल्या नळ्यांतून ती बाहेर पडत नाही. यात कंपनीच्या रेडिएटरचा दोष नाही. नवा होता तेव्हा याच उन्हात तो पुरला. दोष आपल्या पाण्याचा. बोअरचं पाणी टाकलं, उन्हाळ्यात थोडं उडालं, क्षार आतच राहिले, वरून पुन्हा बोअरचंच टाकलं. दर वेळी आतलं पाणी जास्त खारं होत जातं. चुना नळीच्या आतून बसतो आणि क्लोराइड पितळ, सोल्डर, वॉटर बॉडीचं (पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) पातं सगळंच कुरतडतं.

खात्री करायची तर गाडी चांगली तापव, इंजिन बंद कर, पंखा पूर्ण थांबला की जाळीच्या समोरून तळहात चार बोटांवरून फिरव. जिथे आच कमी लागते तिथल्या नळ्या मेल्या.

पण जाळीच्या आधी तो खालचा होज. याच्याकडे कोणी पाहत नाही. खालच्या होजमधून पंप पाणी ओढतो, म्हणून तो आत चेपू नये यासाठी आत तारेची स्प्रिंग असते. खाऱ्या पाण्याने ती गंजून विरघळते. मग गाडी सावकाश असली की सगळं ठीक, रेस वाढली की होज चपटा होतो आणि पाणी तुटतं. ही लक्षणं तुझ्याच लक्षणांसारखी आहेत. गाडी गरम असताना कोणाला तरी रेस द्यायला लाव आणि तू बाजूने नुसतं पाहा. पट्ट्याजवळ हात आणि दुपट्टा नको.

झाकणही लगेच बदल. ०.९ (बार दाब) लिहिलेलं झाकण नीट दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर तुटलं की दाब गेला. चिखलदरा ११०० मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी ९६ अंशांनाच उकळतं. घाटात पाणी काहून फेकलं ते कळलं? जुन्या झाकणावर जो आकडा असेल तोच घे. "जास्त दाबाचं लावा, जास्त चांगलं" म्हणणारे भेटतील, पण जुन्या पितळी टाकीचे सांधे तो दाब सहन करत नाहीत.

वऱ्हाडीगडी

बापा, एवढं कायले? आमची कालीपिवली (सवारी टॅक्सी) होती तवा थर्मोस्टॅट वॉल पहिल्याच दिवशी काढून फेकला. परतवाडा ते धारणी सवाऱ्या वाहिल्या, काई झालं नाही.

वॉटरबॉडी

गडी भाऊ, कालीपिवली दिवसभर लोड घेऊन गरमच असते, तिला कळत नाही. घरची गाडी चार किलोमीटर शेतात जाते आणि येते. वॉल नसला तर ती गरमच होत नाही. थंड इंजिन डिझेल जास्त खातं, धूर देतं, सिलिंडर लवकर घासतात. शिवाय अनेक इंजिनांत बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करायचं कामही हाच वॉल करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, म्हणजे तापणं वाढतंच.

काढून फेकू नको, काढून तपास. वॉलवर उघडायचं तापमान कोरलेलं असतं, बहुधा ८२ ते ८८च्या दरम्यान. दोऱ्याला बांधून पातेल्यात सोड, पाणी तापव. पाणी खळखळायच्या आधी वॉल उघडायला लागला पाहिजे आणि उकळत्या पाण्यात पूर्ण उघडा दिसला पाहिजे. पातेलं जुनं घे, पुन्हा स्वयंपाकाला नको.

टॉपगिअर

तापमानासाठी कोरोनातली ती कपाळाची बंदूक चालेल का? घरी पडून आहे.

वॉटरबॉडी

नाही. ती माणसाच्या अंगापुरतीच. पन्नासच्या आधीच "हाय" दाखवून गप्प बसते. कारखान्यातली इन्फ्रारेड वेगळी, ती मिळाली तर जाळीचे थंड पट्टे छान दिसतात.

पूर्णाकाठ

दादा, होज सापडला! भावाने रेस दिली आणि पाइप डोळ्यांदेखत चपटा झाला, मधोमध दोन्ही बाजू चिकटल्या. काढला तर स्प्रिंगच्या जागी गंजाचा चुरा. वॉल पातेल्यात उघडला पण अर्धाच, म्हणून नवा आणला. झाकण नवं आणलं.

हात फिरवून पाहिला तर जाळीचा उजवा तिसरा हिस्सा जवळजवळ थंड. जाळीच्या बाहेरच्या बाजूने, फिनांमध्ये (नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांत) कापसाचे तंतू आणि तुरीचा भुसा नमद्यासारखा जमलेला निघाला. जिनिंगला कापूस नेतो त्याचा असणार.

आता जाळी तीन लाइनचीच टाकू की चार? की ॲल्युमिनियम?

वॉटरबॉडी

ॲल्युमिनियम आपल्याकडे नको. चुकून कोणी बोअरचं पाणी टाकलं तर पितळापेक्षा लवकर भोकं पडतात, आणि गळला तर तालुक्याच्या गावात झाळणारा मिळत नाही. पितळ-तांब्याची जाळी कोणताही रेडिएटरवाला टाकी उकलून बदलून देतो. सळई मारून जुनीच साफ करतो म्हणाला तर यावेळी नाही म्हण, नळ्या आतून खाल्लेल्या असणार.

चार लाइनची टाकायला हरकत नाही, पण आधी पंख्याच्या पात्यापासून जाळीपर्यंतचं अंतर मोज. चौथ्या लाइनने जाळी जाड होते आणि इंजिन माउंटिंगवर डोलतं. नव्या जाळीनंतरही इंचभर फट राहिली पाहिजे, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात पातं जाळीत. तेवढी जागा नसेल तर नवी तीन लाइनची पुरते. लाइन किती यापेक्षा फिना दाट आणि झाळण नीट आहे का ते बघजो. बरेच रेडिएटरवाले काऊल परत लावत नाहीत, "हवा मोकळी लागते" म्हणतात. हवा मोकळी लागत नाही, पंखा मग जाळीतून ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा घोळवत बसतो. काऊल लावल्याशिवाय पैसे देऊ नको.

आणि एक काम जाळी काढायच्या आधी. इंजिनाच्या आतही तोच चुना आहे. तो सुटून नव्या जाळीत अडकला तर खर्च पाण्यात. वॉल काढून ठेव, दुकानातलं रेडिएटर फ्लश पुडीवर लिहिलंय तेवढं टाक, इंजिन गरम होऊ दे, थंड झाल्यावर खालून सगळं सोड. मग वरून नळ लावून स्वच्छ पाणी येईपर्यंत धू. संडास धुवायचं तेजाब कोणी सुचवलं तर ऐकू नको, सोल्डर खातं ते. फिना इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने साध्या नळीने धुवायच्या, सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशरने त्या वाकतात.

शेवटी कूलंट. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे निम्मं-निम्मं करायची गरज नाही, ३० टक्के पुरतं. जास्त ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव) म्हणजे जास्त थंड असं नसतं, उष्णता वाहून नेण्यात साधं पाणीच सरस. कूलंटचं खरं काम गंज रोखायचं. बाकी ७० टक्के बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी.

रानवाटा

सगळं छान सांगितलंत दादा, एक माझ्याकडून. कूलंट सोडाल तेव्हा अंगणात वाहू देऊ नका आणि बादली झाकून ठेवा. ते गोड लागतं म्हणून कुत्री, शेळ्या चाटतात आणि त्यांच्या किडन्या जातात. आमच्या शेजारी असं झालंय. हिरवा रंग बघून लहान पोरं सरबत समजतात ते वेगळंच.

वॉटरबॉडी

ताई, धन्यवाद. हे मी लिहायला हवं होतं.

पूर्णाकाठ

ताई, लक्षात ठेवतो. आमच्याकडे बकऱ्या आहेतच.

मोजलं, सव्वादोन इंच फट आहे, म्हणून चार लाइनची टाकून घेतली. काऊल समोर उभा राहून लावून घेतलं. घरी वॉल, दोन्ही होज, क्लिपा, झाकण आणि पट्टा बदलला. जुन्या गाडीला कूलंटची बाटली नव्हतीच, ती बॅटरीशेजारी पट्टीवर बसवली, म्हणजे तापल्यावर निघालेलं पाणी रस्त्यावर न जाता बाटलीत जाईल. बांधावर नाक वर करून उभी केली, झाकण उघडं ठेवून भरलं. वॉल उघडल्यावर पाणी एकदम खाली गेलं, पुन्हा भरलं.

काल दुपारी अमरावतीला गेलो. ऐंशीला काटा मध्यापेक्षा किंचित वर, तिथेच थांबला. बाटलीतलं पाणी गाडी थंड झाल्यावर थोडं कमी झालंय. गळती आहे का?

वॉटरबॉडी

गळती नाही. आत उरलेली हवा बाहेर पडते आणि गाडी थंड होताना बाटलीतलं पाणी आत ओढलं जातं. दोन-तीन वेळा वरच्या खुणेपर्यंत भर, मग स्थिर होईल. त्यानंतरही कमी होत राहिलं तर लिही.

धारणीला जाताना चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रेस राखून चढव, तिसऱ्यात दाबत बसू नको. काटा चढलाच तर सावलीत थांब, बॉनेट उघड, इंजिन मंद चालू दे. पाणीच गेलं असेल तर मात्र ताबडतोब बंद. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं. सोबत आरओचा एक भरलेला जार, दोन क्लिपा आणि वरचा होज ठेव. नवा पट्टा टाकलास तरी जुना फेकू नको, सीटखाली ठेव.