आजोबांची पदकं आणि सुतारकामाची हत्यारं: माहिती हवी

साताऱ्याची नात: माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, ७१ च्या भारत-पाक युद्धात जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) लढले. निवृत्तीनंतर गावी सुतारकाम केलं. आम्हा सगळ्या नातवंडांचा सागवानी पाळणा त्यांनीच केलाय. आजीचे गुडघे धरले तेव्हा तिच्या मापाचा उंच पाट केला, कडा गोल घासून, लुगडं अडकू नये म्हणून. लढाईचं मात्र कधी बोलले नाहीत. ट्रंकेत दोन पदकं सापडली, एक ताऱ्यासारखं. कसली असतील? आणि गंजलेला रंधा कसा साफ करू?

निवृत्त फौजी: ताई, तारा म्हणजे ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक, ७१ च्या पूर्व आघाडीचं. दुसरं बहुधा संग्राम मेडल. चिंच-मीठ अजिबात लावू नका, पदकावर त्यांचा फौजी नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते झिजेल. जमालपूरच्या दक्षिणेला पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, वाट अडवून बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री शहरातून निसटणारी पाकिस्तानी फौज थेट तिच्यावर येऊन आदळली. फार मोठी माणसं ही! सेवेची माहिती हवी तर नंबर घालून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा.

लाकूडवेडा: रंध्याचं पातं काढून रॉकेलने पुसा, लाकडाला जवसाचं तेल. हाताने झिजलेली मूठ तासू नका, प्लीज.

साताऱ्याची नात: नंबर मिळाला! अर्ज मी करू की आजीने?

निवृत्त फौजी: आजींच्या नावाने करा, सोबत पेन्शन बुकाची झेरॉक्स. त्यांना माझा नमस्कार सांगा.