विद्यार्थ्यांच्या फीडबॅकवरून प्राध्यापकांची क्रमवारी लावावी का?

आयक्यूएसी_समन्वयक
कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालय, मी तिथल्या आयक्यूएसीचा (अंतर्गत गुणवत्ता कक्षाचा) समन्वयक. सत्राच्या शेवटी गुगल फॉर्म पाठवतो: २५ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ६० च्या वर्गातले १५-२० जण भरतात, एम.ए.च्या वर्गात मुळात मुलंच १२. बहुतेक सगळ्यांची सरासरी ४.१ ते ४.५ च्या दरम्यान येते. आता व्यवस्थापन म्हणतंय, या सरासरीवरून क्रमवारी लावा आणि शेवटच्या पाच जणांना पत्र द्या. हे बरोबर आहे का? नसेल तर फॉर्म आणि अहवाल कसा बदलावा? नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था) हाच डेटा चालेल का?

संख्याशास्त्रवाला
पत्र देऊ नका. २० उत्तरं आली आणि गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत) ०.९ धरलं, तर सरासरीची प्रमाण त्रुटी (सरासरी योगायोगाने किती हलू शकते) ०.२ होते, म्हणजे खरी सरासरी जिथे असण्याची ९५ टक्के खात्री तो पल्ला दोन्ही बाजूंना ०.४. तुमची पहिल्यापासून शेवटपर्यंतची अख्खी यादी एवढ्यातच मावते! शिवाय हे गणित उत्तरं यादृच्छिक, म्हणजे वर्गातल्या कुणाकडूनही सारख्याच शक्यतेने, आली असं गृहीत धरतं. प्रत्यक्षात कोण भरतो? एक तर फार खूश असलेला, नाही तर फार चिडलेला. १२ च्या वर्गात एकाच मुलाने ५ ऐवजी १ दिला की सरासरी ०.३३ ने खाली येते.

सरासरी छापूच नका. किती जणांनी ५ दिले, किती जणांनी १, अशी वाटणी द्या. दहापैकी पाच जणांचे ५ आणि पाच जणांचे १ असले तरी सरासरी ३, आणि दहाही जणांनी ३ दिले तरी ३. पहिल्या वर्गात अर्ध्या मुलांना काहीच पोचत नाहीये, बहुधा भाषेमुळे किंवा आधीचा पाया कच्चा असल्यामुळे. दुसऱ्यात तसं काही नाही. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे. प्रत्येक तक्त्यावर ‘६० पैकी १८’ असं लिहा. पाचपेक्षा कमी उत्तरं असतील तर तक्ता देऊ नका, दोन-तीन सत्रांची एकत्र करा.

व्यवस्थापनाला दाखवायला दोन गोष्टी. २०१७ मध्ये उटल आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांचं पुन्हा विश्लेषण केलं, त्यात फीडबॅकचे गुण आणि मुलं प्रत्यक्षात किती शिकली यांचा जवळजवळ काही संबंध दिसला नाही. २०१८ मध्ये टोरोंटोच्या रायर्सन विद्यापीठाच्या वादात लवादाने निर्णय दिला की बढती आणि कायम नेमणुकीसाठी अध्यापनाची परिणामकारकता या गुणांवरून मोजू नये.

अभ्यासमंडळ_सदस्य
फॉर्मची खरी खोट अशी की विषय आणि शिक्षक एकत्र विचारले जातात. ‘अभ्यासक्रम अवघड आणि वेळ अपुरा’ हा राग सक्तीचं गणित शिकवणाऱ्या मॅडमच्या गुणांतून वजा होतो. म्हणून दोन भाग करा. विषयाचा भाग: आधीच्या सत्रातलं जे लागतं ते आलं होतं का, संदर्भपुस्तक ग्रंथालयात मिळालं का, प्रात्यक्षिकं पूर्ण झाली का, आठवड्याला तासांबाहेर किती वेळ द्यावा लागला. हा अभ्यासमंडळाकडे (विद्यापीठात विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाकडे) पाठवा. शिक्षकाचा भाग फक्त त्यांना आणि विभागप्रमुखांना.

‘शिक्षकांना विषयाचं सखोल ज्ञान आहे का?’ हे विद्यार्थ्याला विचारण्यात अर्थ नाही. त्याला दिसतं तेच विचारा: तपासलेली चाचणी किती दिवसांत परत मिळाली, चूक कुठे झाली ते कळलं का. ‘स्पष्ट आणि वेळेवर शिकवतात का’ यात दोन प्रश्न आहेत, तोडा. एकूण १० प्रश्न आणि दोन मोकळ्या जागा पुरे. प्रश्न मराठीतही द्या, नाहीतर मोकळी जागा मोकळीच राहते.

मला सर्वात उपयोगी वाटतो तो सहाव्या-सातव्या आठवड्यातला छोटा फॉर्म: काय चालू ठेवावं, काय बदलावं, कुठे अडलं. तीनच प्रश्न, आणि पुढच्याच तासाला शिक्षकांनी सांगायचं की यातलं काय बदलतोय, काय जमणार नाही आणि का. सत्र संपल्यावर घेतलेल्या फीडबॅकचा देणाऱ्या मुलांना काही उपयोग होत नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

परीक्षा_विभाग
निनावीपणाकडे लक्ष द्या. ईमेल गोळा करणं बंद ठेवा. ‘एकच उत्तर’ ही मर्यादा लावली की लॉगिन मागितलं जातं. ईमेल नोंदला जात नसला तरी मुलं बिचकतात. त्याऐवजी एकदाच चालणारे कोड चिठ्ठ्यांवर छापून वाटा. तासातली १० मिनिटं द्या, शिक्षक बाहेर. अंतर्गत गुण जाहीर होण्याच्या आधी घ्या. मोकळे अभिप्राय आधी दुसऱ्याने वाचून शिवीगाळ आणि ओळख पटेल असा तपशील काढावा, विशेषतः महिला प्राध्यापकांच्या दिसण्या-बोलण्यावरचे शेरे. व्हॉट्सॲपवर तर एकही स्क्रीनशॉट जाता कामा नये.

नॅकचं: २०१७ च्या आराखड्यातलं विद्यार्थी समाधान सर्वेक्षण वेगळं असतं. त्यात २१ प्रश्न, २० वस्तुनिष्ठ आणि एक मोकळा. तुम्ही विद्यार्थ्यांची यादी द्यायची, नॅक त्यांना थेट ईमेल करते. तुमचा फॉर्म त्याच आराखड्यातल्या १.४ (फीडबॅक व्यवस्था) या मुद्द्याखाली येतो, तिथे फीडबॅकवर काय कृती केली हेही दाखवावं लागतं. अर्ज करताना तेव्हा लागू असलेलं मॅन्युअल पाहा.

आयक्यूएसी_समन्वयक
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद वाढावा म्हणून फॉर्म भरल्याशिवाय हॉल तिकीट द्यायचं नाही, असं केलं तर?

संख्याशास्त्रवाला
आकडा १०० टक्के होईल आणि डेटा जाईल. मुलं सगळीकडे ४ किंवा ५ ठोकून अर्ध्या मिनिटात बाहेर पडतात. वर्गातली १० मिनिटंच बरी.