माझा राऊटर जोडला की नेट गायब. काय चुकतंय?

फैजपूरकर:
राम राम मंडळी. घर जुनं, खालच्या भिंती मातीच्या, दोन हात जाड. कंपनीच्या पोराने फायबरचा डबा ओसरीत ठोकला, वायर तिथवरच पुरली म्हणे. मुलगी माडीवर बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करते, तिथे वायफायची जेमतेम एक काडी. म्हणून जळगावहून वेगळा राऊटर आणला. जिन्यातून केबल ओढून कंपनीच्या डब्याच्या लॅनमधून (घरातली यंत्रं जोडायचं पोर्ट) माझ्या राऊटरच्या वॅनमध्ये (बाहेरून नेट आत घ्यायचं पोर्ट) खोचली. वायफाय जोडलं जातं, नेट नाही. दोन्ही डब्यांच्या पाठीवर पत्ता १९२.१६८.१.१ च छापलाय, पण माडीवरून तो टाकला की माझ्याच राऊटरचं पान उघडतं. कस्टमर केअरवाली म्हणते, "सर, आमचा डबा चालू आहे ना?"

तापीकाठ:
तिथेच गोम आहे भाऊ. नव्या राऊटरच्या आतही १९२.१६८.१ आणि बाहेरही तेच, मग बाहेर कुठून पडायचं ते त्याला कळत नाही. त्याचा लॅन आयपी, म्हणजे घराच्या बाजूचा पत्ता, १९२.१६८.२.१ करा, नेट सुरू होईल.

अमळनेरवाला:
होईल, पण डबल नॅट होईल, म्हणजे खाली-वर दोन वेगळी नेटवर्कं. ओसरीतला प्रिंटर माडीवरच्या लॅपटॉपला आपोआप सापडणार नाही, मग पुन्हा इथेच याल. त्यापेक्षा नव्याचा ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे तो त्याच नेटवर्कचं नुसतं वायफाय देईल. केबल काढून ठेवा, नव्याचा आयपी १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणं) बंद करा, मग केबल वॅनऐवजी लॅनमध्ये लावा. आयपी वाटायचं काम एकट्या कंपनीच्या डब्याकडे राहू द्या. फक्त तो डबा हा १.२ चा पत्ता दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना, तेवढं त्याच्या डीएचसीपी रेंजमध्ये बघा. दोन्हीकडे वायफायचं नाव-पासवर्ड एकच ठेवा, चॅनल वेगळे, एकाला १ अन् दुसऱ्याला ६ किंवा ११.

ब्रिज मोडच्या, म्हणजे कंपनीच्या डब्याचं राऊटरचं काम बंद करून ते नव्याकडे द्यायच्या, नादी लागू नका. त्याला पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीच्या लॉगिनचा, युजरनेम-पासवर्ड लागतो, अन् ओसरीतलं वायफायही बहुतेक बंद पडेल.

फैजपूरकर:
झालं भो! पण प्लॅन २०० एमबीपीएस स्पीडचा आहे, अन् माडीवर केबल थेट लॅपटॉपला लावली तरी ९४ च्या वर जात नाही.

तापीकाठ:
९४ म्हणजे लिंक १०० वर अडकलीय. पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहेत ना? असतील तर केबलच्या टोकाचा पारदर्शक कनेक्टर उजेडात धरा आणि आठ तारा मोजा. १०० ला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात.

फैजपूरकर:
पोर्ट गिगाबिटच आहेत. चष्मा लावून पाहिलं. तपकिरी अन् निळी जोडी कनेक्टरच्या बाहेरच छाटलेली! ज्याने केबल बनवून दिली त्याला जाऊन दाखवली, तर म्हणे "काका, इंटरनेटला चारच लागतात." शेजारच्या पोराकडून दोन्ही टोकं नव्याने क्रिम्प करून घेतली. आता १९० मिळतंय.

माडीवर पत्रे आहेत हे मात्र सांगायचं राहिलं. मे महिन्यात मुलगी लॅपटॉप घेऊन ओसरीतच येणार, कंपनीच्या डब्याखाली.