पगार 9 तारखेला, हप्ता 5 तारखेला : बँकेच्या दंडाचे अनुभव

गेल्या महिन्यात आईचे पासबुक छापून आणले, तेव्हा वर्षभरात खात्यावर जमा झालेल्या व्याजापेक्षा कापल्या गेलेल्या शुल्कांची बेरीज मोठी निघाली. आई शिवणकाम करते. तिच्या खात्यात कधी 800 रुपये असतात, कधी 4,000, आणि बँकेची किमान शिल्लक 2,000 रुपयांची आहे. पासबुकात इंग्रजी आद्याक्षरांत छापलेल्या त्या वजावटींचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. मीही इतकी वर्षे विचारला नव्हता, हे येथे कबूल केले पाहिजे.

अमेरिकेत खात्यात पैसे नसतानाही बँक अनेकदा व्यवहार पार पाडते, खाते उणे होऊ देते आणि त्याबद्दल ओव्हरड्राफ्टचे शुल्क घेते. आपल्याकडच्या साध्या बचत खात्यावर सहसा तसे घडत नाही. येथे व्यवहार नाकारला जातो आणि नाकारल्याबद्दल पैसे कापले जातात. किमान शिल्लक कमी पडली, कर्जाचा हप्ता परत गेला, एटीएममधून पैसे काढताना शिल्लक अपुरी ठरली, अशी कारणे वेगवेगळी असली तरी दंड होतो तो ज्याच्या खात्यात त्या क्षणी पैसे नाहीत त्यालाच. ज्यांना असा अनुभव आला असेल त्यांनी रक्कम, कारण आणि पुढे काय झाले ते खाली सविस्तर लिहावे, ही विनंती. बँकेचे नाव मात्र लिहू नये. एका शाखेवरून वाद सुरू झाला की मूळ विषय बाजूला पडतो.

सुरक्षारक्षक, ठाणे

मी एका कंत्राटदाराकडे कामाला आहे. माझा पगार 12,400 रुपये असून तो कधी 7 तारखेला, कधी 9 तारखेला खात्यात येतो. दुचाकीच्या कर्जाचा हप्ता 3,150 रुपयांचा आणि त्याची तारीख 5. कर्ज घेताना ही तारीख मला कोणी विचारली नव्हती. अर्जात ती आधीच भरलेली होती आणि दुकानातल्या मुलाने खुणा केलेल्या जागांवर मी सह्या केल्या. पूर्वी महिनाअखेरीस थोडे पैसे शिल्लक राहत, त्यामुळे दीड वर्ष काही अडले नाही.

गेल्या दिवाळीआधी मुलीच्या दवाखान्याचा खर्च निघाला आणि 5 तारखेला खात्यात 1,900 रुपयेच होते. हप्ता परत गेला. बँकेने 500 रुपये आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी असे 590 रुपये लावले. कर्ज देणाऱ्या कंपनीने 8 तारखेला पुन्हा तोच हप्ता लावला, तो रविवार होता. रविवारी बँक बंद असते म्हणून मी निर्धास्त होतो. परंतु ऑगस्ट 2021 पासून खात्यातून हप्ता आपोआप वळता करणारी यंत्रणा सुट्टीच्या दिवशीही चालते, हे मला नंतर समजले. पुन्हा 590 रुपये. दोन्ही वेळा कंपनीचे स्वतःचे 450 रुपये वेगळे. 9 तारखेला पगार आला. मधल्या चार दिवसांचे एकूण 2,080 रुपये झाले, म्हणजे हप्त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश.

मी हप्ता बुडवला नव्हता, तो भरायला पैसे येणार होते आणि आलेही. पगार जमा होताच बँकेने आपले 1,180 रुपये आधी घेतले, उरलेल्यातून वसुलीसाठी आलेल्या माणसाला 4,050 रुपये दिले आणि 7,170 रुपयांत महिना काढायचा होता. त्या महिन्यात शेजाऱ्याकडून उसने घेतले, ते पुढच्या पगारातून फेडले, आणि त्यामुळे पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला खाते पुन्हा रिकामेच होते.

महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड

माझे प्रकरण लहान आहे. खात्यात 512 रुपये आहेत असे समजून मी एटीएममधून 500 काढायला गेलो. संदेशसेवेचे तिमाही 17.70 रुपये आदल्या दिवशी कापले गेले होते, ते मला ठाऊक नव्हते. यंत्र बिघडले असावे असे वाटून तीन वेळा प्रयत्न केला. प्रत्येक प्रयत्नाचे 25 रुपये अधिक कर. नोटा न मिळताच 88.50 रुपये गेले आणि ही वजावट सांगणारा संदेश मात्र अगदी वेळेवर आला.

घरकाम करणाऱ्या आईच्या वतीने, पिंपरी

ऑगस्ट 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे दोन महिन्यांचे मिळून 3,000 रुपये आईच्या खात्यावर आले. आम्ही दुसऱ्या दिवशी काढायला गेलो, तर 1,584 रुपयेच होते. आधीच्या महिन्यांत खाते रिकामे होते, म्हणून किमान शिल्लकेचा दंड बँकेने कापला नव्हता. तो मागे लिहून ठेवला होता आणि पहिली रक्कम जमा होताच 1,416 रुपये वळते करून घेतले. लाभाच्या रकमेतून अशी कपात करू नये, अशा सूचना तेव्हा राज्य सरकारकडून बँकांना दिल्या गेल्या होत्या. त्या बातमीचे कात्रण घेऊन मी शाखेत गेले. तेथील बाई सभ्यपणे बोलल्या, पण वजावट संगणक करतो, आमच्या हातात नसते, असे त्यांचे उत्तर होते. ज्या खात्यात आईने वर्षभर पैसे ठेवले नव्हते, ते तिने याच योजनेसाठी पुन्हा चालू केले होते. आता ती सांगते की पैसे आले की त्याच दिवशी सगळे काढून आण.

लहान व्यावसायिक, कोल्हापूर

वेगळे मत मांडतो, कृपया राग मानू नये. शाखा, यंत्रे, कर्मचारी यांचा खर्च बँकेला असतो आणि हप्ता परत गेला तर समोरच्याचे नुकसान होते. माझ्याकडे ग्राहकांचे धनादेश परत आले की मला त्रास होतोच. दंड नसेल तर वेळ कोण पाळेल? मात्र वरचा सुरक्षारक्षकांचा हिशेब वाचून एक गोष्ट मान्य करावी लागते. एकाच चुकीबद्दल दोन ठिकाणी, तेही तीन दिवसांत दोनदा घेतलेला दंड हा खर्च भरून काढण्यासाठी आहे, असे मला स्वतःलाही पटवून देता आले नाही.

निवृत्त बँक कर्मचारी, सातारा

चौतीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

किमान शिल्लक बहुतेक ठिकाणी महिन्याच्या सरासरीने मोजतात, म्हणजे प्रत्येक दिवसाच्या अखेरची शिल्लक मिळवून दिवसांच्या संख्येने भागतात. एखाद्या ताईंच्या खात्यात 9,000 रुपये पगार आला, एक रात्र राहिला आणि दुसऱ्या दिवशी भाडे, किराणा, उधारी यांत संपला, तर तीस दिवसांची सरासरी निघते 300 रुपये. तिच्या खात्यातून महिन्याला 9,000 रुपये फिरले, याला या हिशेबात किंमत नाही. पैसा किती आला यापेक्षा तो किती दिवस पडून राहिला, यावर सगळे ठरते. आणि कमी उत्पन्नाच्या घरात पैसा पडून राहत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या 20 नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकानुसार, शिल्लक कमी पडल्याचे ग्राहकाला आधी कळवून ती भरण्यासाठी किमान एक महिना दिला पाहिजे, दंड तुटीच्या प्रमाणात असला पाहिजे आणि केवळ या दंडामुळे खाते उणे होता कामा नये. हे नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू आहेत. खाते उणे होत नाही हे खरे, परंतु आकारणी मागे लिहून ठेवायची आणि पुढच्या जमेतून घ्यायची, ही पिंपरीच्या ताईंनी सांगितलेली पद्धत मीही पाहिली आहे. कळवण्याचा संदेश बहुधा इंग्रजीत जातो आणि जुन्या, बंद पडलेल्या क्रमांकावर जातो.

कोल्हापूरच्या मित्रांसाठी एक माहिती. भारतीय स्टेट बँकेने एप्रिल 2017 मध्ये हा दंड पुन्हा सुरू केला आणि मार्च 2020 मध्ये सर्व बचत खात्यांसाठी रद्द केला. 2025 मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँक यांनीही तो काढून टाकला. या बँका त्यामुळे बंद पडल्या नाहीत. दुसरीकडे, एटीएमच्या मोफत व्यवहारांनंतरच्या शुल्काची कमाल मर्यादा जानेवारी 2022 मध्ये 21 रुपये आणि मे 2025 मध्ये 23 रुपये झाली. एक शुल्क जाते, दुसरे वाढते.

मूलभूत बचत खाते हा मार्ग 2012 पासून आहे. त्याला किमान शिल्लक लागत नाही आणि आधीपासूनचे बचत खाते त्यात बदलून घेता येते. आम्ही ते ग्राहकांना आपणहून सांगत होतो का? नाही. शाखेला लक्ष्य दुसऱ्या खात्यांचे असे.

अंगणवाडी सेविका, बीड

वरच्या काकांनी सांगितलेला बदल मी करून घेतला आहे. पहिल्या वेळी अर्जच नाही म्हणाले, दुसऱ्या वेळी साहेब रजेवर होते. तिसऱ्या वेळी मी साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली, आणि आधी कापलेल्या 708 रुपयांसाठी संदेश आला नसल्याची तक्रारही त्यातच लिहिली. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते आणि त्याच्या माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे, हे मी काउंटरवर मुद्दाम मोठ्याने विचारून खात्री करून घेतले. बावीस दिवसांनी 708 रुपये परत आले. त्याच बँकेतले माझे दुसरे बचत खाते बंद करावे लागले आणि महिन्याला मोजक्याच वेळा पैसे काढता येतात, ही अडचण आहे. माझ्या बचत गटातल्या अकरा जणींचे अर्ज सध्या माझ्याच हस्ताक्षरात गेले आहेत.

सुरक्षारक्षक, ठाणे

येथे वाचून मी कर्जाच्या कंपनीच्या कार्यालयात दोनदा जाऊन आलो. दोन्ही दिवसांचा पगार कापला गेला. हप्त्याची तारीख 5 ऐवजी 12 करून मिळाली असून पुढच्या महिन्यापासून ती लागू होईल. तारीख बदलण्याचे शुल्क 590 रुपये आहे आणि ते पहिल्याच हप्त्यासोबत कापले जाणार आहे, म्हणून 12 तारखेला खात्यात 3,740 रुपये ठेवायचे आहेत.